खडखड ओळखणारा कान आणि आपली तालीम

नांदेडचा देगलूर नाका असो की लातूरच्या गंजगोलाईचा परिसर, दुचाकीचे गॅरेज शोधायला लांब जावे लागत नाही. पत्र्याचे शेड, भिंतीला टांगलेल्या चेन आणि ट्यूब, समोर खोलून ठेवलेले एखादे इंजिन आणि ऑइलने काळे झालेल्या कपड्यांतले दोन-तीन जण. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल या शेडवर पेटते. तरीही घरात मुलाच्या शिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास तोंडी येते : "नीट अभ्यास कर, नाहीतर गॅरेजवर पाने धुत बसशील."

मला या वाक्याबद्दल बोलायचे आहे. गॅरेजवर बसणे ही अभ्यास न करण्याची शिक्षा आहे, असे ते वाक्य सांगते. तिथे डोक्याचे काम नाही, फक्त हात चालवायचे, असे आपण गृहीत धरतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. गाडीतून येणारा अनोळखी आवाज नेमका कुठून येतो हे शोधणे आधी डोक्याचे काम आहे आणि मग हाताचे. हे एकदा मान्य केले तर दोन प्रकारच्या लोकांना आपले मत तपासावे लागेल. गॅरेजला हिणवणाऱ्या शिकलेल्या लोकांना, आणि "हुनर आला की पोट भरते, शाळा कशाला" म्हणत मुलाला आठवीतून काढणाऱ्या पालकांनाही.

आधी ते काम काय असते ते नीट पाहू.

आवाज कधी येतो?

चांगला मिस्त्री गाडी समोर आली की लगेच पाना उचलत नाही. तो विचारतो. आपल्या दखनी बोलीत तो म्हणतो, "गाडीकू क्या हुआ वो नक्को बोलो, आवाज कब आता वो बोलो." या एका प्रश्नात अर्धे निदान आहे.

सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर आवाज येतो आणि इंजिन गरम झाले की जातो, तर संशय पिस्टन आणि बोअरमधल्या वाढलेल्या फटीवर जातो. धातू तापून फुगतो, फट कमी होते, आवाज मिटतो. सुरू करतानाच आणि गाडी नुसती उभी असतानाही बाजूने खडखड येत असेल तर टायमिंग चेन किंवा तिला ताण देणारा टेन्शनर. वरून, हेडमधून, घड्याळासारखी एकसारखी टिकटिक येत असेल तर टॅपेट. गाडी न्यूट्रलमध्ये असताना आवाज आहे आणि क्लच दाबताच तो थांबतो किंवा बदलतो, तर क्लच किंवा गिअरबॉक्सचे बेअरिंग. चढावर, दोघे बसलेले असताना, रेस वाढवल्यावर आतून जड ठोके ऐकू येत असतील तर कनेक्टिंग रॉड. हा शेवटचा आवाज आला की गाडी पुढे रेटायची नसते, कारण मग क्रँकही जातो आणि पन्नास-साठ हजारांच्या गाडीवर मोठा खर्च येतो.

काही आवाजांचा इंजिनाशी संबंधच नसतो. पुढचा ब्रेक दाबला की हँडलमधून 'टक' असा धक्का जाणवतो, तो कोनसेट सैल झाल्याचा. रेस सोडली-दिली की मागून 'खट' होते, ते मागच्या चाकातले रबर बसल्याचे. फक्त खड्ड्यात आवाज येतो, तो शॉकअपचा, मडगार्डचा, नंबरप्लेटचा किंवा साडीगार्डचा.

साडीगार्डचे नाव मुद्दाम घेतले. खडखडतो म्हणून अनेक जण तो काढून फेकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला आडोसा असणे बंधनकारक आहे. साडीचा पदर, ओढणी, बुरख्याचा घोळ चाकात गेला तर काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको. त्या खडखडीवर उपाय दोन नट आणि एका रबरी वॉशरचा आहे. साडीगार्ड काढून टाकणे हा उपाय नव्हे.

आणि सगळ्यात आधी पाहायची गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे : इंजिन ऑइल. बहुतेक छोट्या गाड्यांत ते लिटरच्या आसपासच असते. ते खाली गेले की प्रत्येक भाग जास्त बोलू लागतो. ऑइलची पट्टी न पाहताच इंजिन खोलायला सांगणारा मिस्त्री असेल, तर गाडी दुसरीकडे न्यावी.

एकेक गोष्ट बाजूला काढणे

दोन वर्षांपूर्वी माझ्या १२५ सीसीच्या गाडीला एक विचित्र खडखड सुरू झाली. नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला जाताना, ताशी पंचेचाळीसच्या आसपास ती यायची, पन्नासच्या पुढे गेले की नाहीशी व्हायची. एका सर्व्हिस सेंटरवर गाडी दाखवली. त्यांनी टायमिंग चेनचा सेट बदलायला सांगितला आणि "क्लचही खोलून पाहावा लागेल" म्हणून काही हजारांचा अंदाज लिहून दिला. त्यांची नियत वाईट होती असे मी म्हणत नाही. जिथे दिवसात ठरावीक गाड्या काढायच्या असतात तिथे शोधण्यापेक्षा बदलणे सोपे पडते.

नंतर ती गाडी मी नाक्यावरच्या एका उस्तादांकडे नेली. उस्ताद सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्येच हळूहळू रेस वाढवत नेली. एका ठरावीक रेसवर तोच आवाज आला. म्हणजे चाक, चेन आणि खड्डे सुटले, कारण गाडी उभी होती. क्लच दाबला, आवाज तसाच. क्लच सुटला. टायमिंग चेन असती तर सुरू करताना आणि कमी रेसवरही बोलली असती, फक्त एका रेसवर नाही. तीही सुटली. मग ते म्हणाले, "ये इंजन का नै, पत्रे का आवाज है." एक लाकडी दांडी घेऊन त्यांनी एकेका ठिकाणी दाबून पाहिले. सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्यावर दांडी टेकवताच आवाज बंद. एक स्क्रू पडून गेला होता. स्क्रू बसवला, पन्नास रुपये घेतले.

या पंधरा मिनिटांत जे घडले त्याला विज्ञानाच्या पुस्तकात फार मोठी नावे आहेत. निरीक्षण, गृहीतक, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, जे बसत नाही ते वगळणे. ठरावीक रेसवरच पत्रा का थरथरतो, याला अनुनाद म्हणतात. इंजिनाची कंपने आणि पत्र्याची स्वतःची कंपने जुळली की तो जोरात हलतो, पुढे-मागे झाले की शांत. उस्तादांना 'अनुनाद' हा शब्द माहीत नव्हता. पण ती गोष्ट माहीत होती. आपल्या दहावीच्या कितीतरी मुलांना शब्द माहीत असतो, गोष्ट माहीत नसते.

सगळेच मिस्त्री असे नसतात हे मला ठाऊक आहे. अंदाजाने सुटे भाग बदलत जाणारे, गिऱ्हाइकाच्या पैशावर शिकणारेही आहेत. पण हा फरक हुनर असण्या-नसण्याचा नाही. तो पद्धतीने विचार करण्याचा आहे, आणि म्हणूनच तो शिकवता येतो.

आवाजांची भाषा

मी भाषेचा शिक्षक. उर्दूच्या कवायदमध्ये 'इस्म-ए-सौत' शिकवतो, म्हणजे आवाजावरून बनलेले नाम. मराठीच्या व्याकरणात त्याच गोष्टीला अनुकरणवाचक शब्द म्हणतात. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न येतो, मुले 'खळखळ', 'रिमझिम', 'कडकडाट' लिहून मोकळी होतात.

गॅरेजमध्ये मात्र हेच शब्द कामाचे असतात. टिकटिक वेगळी, कटकट वेगळी. खडखड म्हणजे काहीतरी सैल आहे. घरघर म्हणजे बेअरिंग. किणकिण म्हणजे चढावर इंजिनावर ताण येतो आहे. करकर म्हणजे चेन कोरडी आहे. चर्र म्हणजे ब्रेकचे लायनर संपून धातूला धातू लागतो आहे. इंग्रजी मॅन्युअलमध्ये यासाठी निराळे शब्द आहेत, पण आमचे शब्द त्यांच्यापेक्षा कमी नेमके नाहीत. फरक एवढाच की ते शब्द छापलेले आहेत आणि हे शब्द हवेत आहेत. उस्ताद गेले की त्यांच्याबरोबर जातात.

इथे मला अल-जझरी आठवतो. आपल्या जलशांत त्याचे नाव अभिमानाने घेतले जाते. घ्यावेच. त्याने १२०६ मध्ये यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला, त्यात पाणी उपसणाऱ्या यंत्रात फिरणारी गती पुढे-मागे होणाऱ्या गतीत बदलण्याची युक्ती आहे. आज आपल्या गाडीत पिस्टन आणि क्रँक नेमके हेच नाते सांभाळतात, फक्त उलट्या दिशेने. पण अल-जझरी स्वतः हाताने काम करणारा कारागीर होता, हे आपण सांगत नाही. त्याने प्रत्येक भाग कसा बनवायचा हे आकृत्यांसह लिहून ठेवले, म्हणून आठशे वर्षांनंतरही आपल्याला ते कळते. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा अभिमान आणि नाक्यावरच्या कारागिराला 'अनपढ' म्हणणे, या दोन गोष्टी एकाच तोंडात शोभत नाहीत.

कागद नसल्याची किंमत

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये दिलेल्या अहवालात मुस्लिम कामगारांचे मोठे प्रमाण स्वयंरोजगारात असल्याचे मांडले, आणि ज्या क्षेत्रांत त्यांचा सहभाग लक्षणीय आहे त्यांत वाहनदुरुस्तीचाही उल्लेख केला. महाराष्ट्र सरकारने २००८ मध्ये नेमलेल्या डॉ. महमूदुर रहमान अभ्यासगटानेही २०१३ च्या अहवालात शिक्षण आणि रोजगारातले मागासलेपण समोर ठेवले. म्हणजे आपले लोक या कामात आहेत हे सरकारदरबारी नोंदलेले आहे. पण त्या कामाची योग्यता नोंदलेली नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, शिंपी आहे, न्हावी आहे. दुचाकीचा मिस्त्री नाही. ती योजना परंपरागत व्यवसायांसाठी आहे, हे उत्तर मिळते. पण ज्या शेडमध्ये आजोबांनी स्कूटर दुरुस्त केली, वडिलांनी मोपेड आणि आता नातू मोटारसायकल दुरुस्त करतो, तो व्यवसाय परंपरागत व्हायला अजून किती पिढ्या लागतील?

दुसरीकडे जे दार उघडे आहे तिथे आपण जात नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्यासाठी दहावी पास असावे लागते. आणि आमची गॅरेजवरची मुले नेमकी त्याच्या एक-दोन वर्षे आधी शाळा सोडतात. कान तयार होतो, कागद राहून जातो. मग कर्ज मागायला गेले की बँक कागद मागते, मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरी मागितली की तेही कागद मागतात.

"चौदा वर्षांचा झाला, आता शिकेल काम" म्हणणाऱ्या पालकांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. घरच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करण्याची मुभा आहे, शाळा सोडून नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, डबल स्टँडवर गिअरमध्ये फिरणाऱ्या चेनला चिंध्यांनी पुसायला लहान मुलाला बसवणे हे त्याची बोटे पणाला लावणे आहे. चेन नेहमी इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवून साफ करायची असते. हे शिकलेल्या उस्तादाला माहीत असते, घाईतल्या शागीर्दाला नसते.

शिवाय धंदाही बदलला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टर आले, सेन्सर आले, दोष दाखवणारा स्कॅनर आला. स्कॅनर वाचायला आकडे आणि इंग्रजी कोड लागतात. तिथे आठवीत शाळा सोडलेला मुलगा अडतो. पण हेही लक्षात घ्या, स्कॅनर सेन्सरची तक्रार सांगतो, पडून गेलेल्या स्क्रूची नाही. पुढच्या काळात कानही लागणार आहे आणि वाचनही. एकावर भागणार नाही.

शाळा आणि गॅरेज जोडता येतील

लातूर पॅटर्नचे नाव देशभर आहे. डॉक्टर-इंजिनिअर घडवण्याची ती शिस्त मोठीच आहे. पण वर्गातल्या साठ मुलांपैकी किती जण तिथे पोचतात? उरलेल्यांसाठी आपला पॅटर्न कोणता? मला चार साध्या गोष्टी सुचतात, आणि त्यांना फार मोठे अनुदान लागत नाही.

पहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवलेले आहेत, ज्यांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहावे अशी अपेक्षा आहे. आपल्या उर्दू आणि मराठी शाळांनी त्यातले दोन दिवस चांगल्या गॅरेजला द्यावेत. मुलींनाही न्यावे. स्कूटी त्याही चालवतात.

दुसरी. आठवीच्या विज्ञानात 'ध्वनी' हा पाठ आहे. तो मोटारसायकल समोर उभी करून शिकवावा. इंजिन मिनिटाला १४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे २३ झाले. प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो, म्हणजे टॅपेटची टिकटिक सेकंदाला जवळपास १२ वेळा. आता गाडी ताशी ४० किलोमीटरने जात आहे, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. चाकाचा घेर १.९ मीटर धरला तर चाकाचे फेरे सेकंदाला सहाच्या आत. म्हणून चाकातला दोष ठक-ठक असा सुटा ऐकू येतो आणि इंजिनातला सलग घर्र होतो. मिस्त्रीचा कान हा हिशेब न मांडता करतो. मुलाने तो मांडून करावा. गणित कशासाठी शिकायचे, हा प्रश्न तो पुन्हा विचारणार नाही.

तिसरी. उस्तादांना शाळेत बोलवावे, आणि खुर्ची द्यावी. पाहुणे म्हणून पुढारीच का? ज्या मुलाचे वडील मिस्त्री आहेत त्या मुलाने आपल्या बापाला वर्गासमोर शिकवताना एकदा पाहिले, तर त्याच्या मनात जे बदलेल ते माझ्या भाषणाने बदलणार नाही. आणि त्याच दिवशी उस्तादांनाही सांगता येईल की मुलाला दहावी होईपर्यंत सकाळी शेडवर बसवू नका, कागद हातात आला की तो तुमच्या पुढे जाईल.

चौथी गोष्ट आपल्या घरातली आहे. ज्यांच्या घरात, नात्यात किंवा मोहल्ल्यात जुना मिस्त्री आहे त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींनी एक वही घ्यावी. चार रकाने आखावेत : आवाज कसा, कधी येतो, काय वगळले, शेवटी काय निघाले. शब्द उस्तादांचेच ठेवावेत, उर्दू, मराठी, दखनी जे असतील ते. यात एक नोंद विशेष मोलाची असेल : कोणता आवाज असायलाच हवा. टॅपेटला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी फट लागते, त्यामुळे थोडी टिकटिक राहते. ती नकोशी वाटून कुणी टॅपेट अगदी घट्ट केले तर इंजिन शांत होते आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. असे बारकावे चाळीस वर्षे शेडमध्ये काढलेल्या माणसाकडून नव्या माणसाला मिळाले तर त्याची कितीतरी वर्षे वाचतात.

अशा वीस-पंचवीस वह्या नांदेड आणि लातूरमधून गोळा झाल्या, तर दुचाकीच्या निदानाचे एक छोटे मराठी-उर्दू पुस्तक तयार होऊ शकेल. आयटीआयला जाणाऱ्या मुलाला ते कामाला येईल, आणि गाडी घेऊन गॅरेजवर जाणाऱ्या तुम्हा-आम्हालाही. निदान "काहीतरी वाजतंय" एवढेच न सांगता, ते कधी वाजते हे तरी आपल्याला सांगता येईल.